होदू आपल्या विरुद्ध होता का?



गेल्या महिन्यात माझी नात तिच्या शाळेचं शोराशीमचं काम घेऊन माझ्याकडे आली. आपल्या सगळ्यांच्या नातवंडांना हे काम करावंच लागतं. सबा-सवता कुठून आले, काय खात होते, कोणती भाषा बोलत होते, ते विचारून वही भरायची. मालिदा कसा करतात ते तिच्या सवताने सांगितलं. आपले पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून आपल्याला शनवार तेली म्हणत, हे मी सांगितलं. मी नेहमीप्रमाणे हेही सांगितलं की दोन हजार वर्षं भारतात राहूनही तिथल्या लोकांनी आपल्याला यहुदी म्हणून कधी त्रास दिला नाही. हे वाक्य आपण सगळे सांगतो, आणि ते खरं आहे.

मुलीने ते लिहून घेतलं आणि मोबाइलवर एक यादी माझ्यापुढे धरली. २९ नोव्हेंबर १९४७ ची, युनोतल्या मतदानाची. पॅलेस्टाईनची फाळणी करून एक यहुदी आणि एक अरब राष्ट्र करावं, या ठरावाच्या बाजूने ३३ मतं, विरुद्ध १३, आणि १० तटस्थ. विरुद्ध मत देणाऱ्या तेरा नावांत इजिप्त, इराक, सीरिया, सौदी अरेबिया, पाकिस्तान वगैरे, आणि त्यांच्यामध्ये भारत.

"सबा, होदू हायता नेगदेनू?" होदू आपल्या विरुद्ध होता का?

तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. रात्री झोप लागेना. घरात आपण एक गोष्ट सांगतो आणि मुलं मोबाइलवर दुसरी वाचतात. उद्या त्यांना वाटेल, म्हातारी माणसं उगाच गोड बोलतात. म्हणून जे वाचलं, ऐकलं आणि स्वतः पाहिलं ते नीट मांडावं म्हणतो.

सुरुवात १९४७ च्या फेब्रुवारीपासून करतो. दुसऱ्या महायुद्धाने इंग्रज थकले होते, तिजोरी रिकामी झाली होती, साम्राज्य सांभाळणं परवडत नव्हतं. १८ फेब्रुवारीला त्यांचे परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी पार्लमेंटात सांगितलं की पॅलेस्टाईनचा प्रश्न आता युनोकडे सोपवतो. बरोबर दोन दिवसांनी, २० फेब्रुवारीला, पंतप्रधान अ‍ॅटली यांनी जाहीर केलं की जून १९४८ पर्यंत आम्ही हिंदुस्तान सोडू. म्हणजे आपली मातृभूमी आणि आपली पितृभूमी, दोन्हींबद्दलच्या या घोषणा इंग्रजांनी एकाच आठवड्यात केल्या. एकाच घरमालकाच्या दोन खोल्या एकदम रिकाम्या व्हाव्यात तसं झालं. आणि दोन्हीकडे जाताना मागे भांडण ठेवून गेले.

दोन्हीकडे उपाय एकच निघाला, फाळणी. पण त्या शब्दाचा अर्थ दोन घरांत अगदी उलटा होता. यहुद्यांना फाळणीने राष्ट्र मिळणार होतं. युरोपात साठ लाख माणसं मारली गेली होती, जी वाचली ती छावण्यांत पडून होती, त्यांना कुठलाच देश घ्यायला तयार नव्हता. जमिनीचा कितीही लहान तुकडा मिळाला तरी तो स्वतःचा, आणि त्याचा दरवाजा आपल्या हातात. म्हणून २९ नोव्हेंबरच्या रात्री तेल अवीवमध्ये लोक रस्त्यावर नाचले. भारतात मात्र फाळणी म्हणजे हार होती. काँग्रेसने कित्येक वर्षं जिनांना एकच उत्तर दिलं होतं की धर्म वेगळा म्हणून राष्ट्र वेगळं होत नाही. शेवटी ती फाळणी गिळावी लागली, लाखो माणसं मेली, कोट्यवधी घरातून उठली. त्या नोव्हेंबरात निर्वासितांच्या छावण्या भरलेल्या होत्या आणि काश्मीरमध्ये लढाई चालू होती. अशा वेळी त्याच सरकारने न्यूयॉर्कला जाऊन दुसऱ्याच्या देशाच्या धर्मावरून होणाऱ्या फाळणीला हात वर करायचा, हे नेहरूंना जमण्यासारखं नव्हतं. उद्या पाकिस्तानने विचारलं असतं, मग आमच्यात काय वाईट होतं?

आणि गंमत बघा, त्या यादीत पाकिस्तानही विरुद्धच आहे. काश्मीरमध्ये एकमेकांवर गोळ्या झाडणारे दोन देश न्यूयॉर्कमध्ये एका बाजूला बसले होते. पाकिस्तान मुसलमान राष्ट्र म्हणून विरुद्ध, भारत धर्मावरच्या राष्ट्राला विरोध म्हणून विरुद्ध. मत एक, कारणं दोन. यादीत फक्त मत दिसतं.

भारताने नुसता नकार दिला असंही नाही. त्या वर्षी मे महिन्यात युनोने अकरा देशांची एक समिती नेमली होती. तिच्यात भारताचे प्रतिनिधी होते सर अब्दुर रहमान, लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. सात देशांनी फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळी योजना दिली: एकच संघराज्य, त्यात यहुदी आणि अरब असे दोन स्वायत्त भाग, राजधानी यरुशलेम. ऑस्ट्रेलिया कोणाच्याच बाजूने गेला नाही. या तिघांच्या योजनेला ना यहुदी तयार होते ना अरब. अहवाल पुरा होईपर्यंत लाहोर पाकिस्तानात गेलं होतं, आणि अखंड संघराज्याची वकिली करणारे अब्दुर रहमान साहेब पुढे पाकिस्तानात न्यायाधीश झाले. इतिहास कधी कधी माणसाची अशी थट्टा करतो.

आणखी दोन कारणं होती, तीही मोकळेपणी सांगितली पाहिजेत. एक म्हणजे फाळणीनंतरही भारतात साडेतीन कोटींच्या आसपास मुसलमान राहिले होते. त्यांना हा देश तुमचाच आहे हे पटवून देणं नेहरूंना सगळ्यात मोठं काम वाटत होतं. खिलाफतीच्या दिवसांपासून काँग्रेस अरबांच्या बाजूने बोलत आली होती. गांधीजींनीही १९३८ साली 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की माझी सहानुभूती यहुद्यांना आहे, पण पॅलेस्टाईनवर हक्क अरबांचा आहे. दुसरं कारण काश्मीर. ते प्रकरण भारताने १ जानेवारी १९४८ ला स्वतःच युनोत नेलं आणि मग तिथे एकेक मत मोजायची पाळी आली. अरब देश अनेक, इस्राएल एक. हिशेब साधा होता.

१९४७ च्या जूनमध्ये खुद्द आइन्स्टाइन यांनी नेहरूंना पत्र लिहून यहुद्यांना पाठिंबा मागितला होता. नेहरूंनी लांब उत्तर पाठवलं. यहुद्यांच्या दुःखाबद्दल त्यात कळकळ आहे, पण अरबांना बाजूला सारून हे कसं होणार, असा प्रश्नही आहे. आणि देश शेवटी आपलं हित पाहून चालतात, ही कबुलीसुद्धा आहे. माझ्या मते एवढं सरळ उत्तर राजकारणी माणूस क्वचितच देतो.

आपल्या समाजाची तेव्हाची अवस्था वाचकांपैकी काहींना आठवत असेल. सगळे मिळून भारतात सव्वीस हजारांच्या आसपास यहुदी, त्यात बेने इस्राएल सर्वांत जास्त. कोणी रेल्वेत, कोणी टपाल खात्यात, कोणी गिरणीत, कोणी नर्स, कोणी मास्तर. माझे वडील भायखळ्याला राहत आणि सरकारी नोकरीत होते. १५ ऑगस्टला त्यांनी चाळीत तिरंगा लावला आणि पुढच्या मे महिन्यात इस्राएल झालं तेव्हा सिनेगॉगमध्ये पेढे वाटले. दोन्ही वेळा शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले. त्यांना यात काही विरोध दिसला नाही. मत द्यायला उभा राहिलेला भारत आणि चाळीत पेढा खाणारा भारत, हे दोन वेगळे होते, एवढंच.

आता पुढचं. १९४९ च्या मे महिन्यात इस्राएलला युनोत घेण्याचा ठराव आला तेव्हाही भारताने विरुद्ध मत दिलं. पण राष्ट्र तर उभं राहिलं होतं. तुर्कस्तान आणि इराण या मुसलमान देशांनीही तोपर्यंत त्याचं अस्तित्व मानलं होतं. शेवटी १७ सप्टेंबर १९५० ला भारताने इस्राएलला मान्यता दिली. मुंबईत आधी आलियाचं काम पाहणारी कचेरी होतीच, तिचं पुढे १९५३ मध्ये कॉन्सुलेट झालं. १९५२ मध्ये इस्राएलच्या परराष्ट्र खात्याचे वॉल्टर आयतान दिल्लीला जाऊन आले, आणि वकिलाती लवकरच उघडतील असं वाटू लागलं. निवडणुका होऊ द्या, मग बघू, असं झालं. मग पैसा कमी आहे, माणसं कमी आहेत, अशी कारणं आली. मौलाना आझादांनी विरोध केला असंही सांगतात. थोडक्यात, लग्न ठरलं, टिळा लागला, पण मुहूर्त काही निघेना. तो मुहूर्त निघायला १९५० पासून जवळजवळ बेचाळीस वर्षं लागली.

त्या वेळी नव्याने स्वतंत्र झालेल्या सगळ्याच देशांनी असं केलं नाही. ब्रह्मदेशाने १९५३ मध्येच पूर्ण संबंध जोडले, आणि त्यांचे पंतप्रधान ऊ नू १९५५ मध्ये इथे येऊन गेले. घाना स्वतंत्र झाल्यावर तिथे इस्राएलची माणसं शेती आणि जहाजांच्या कामात मदतीला गेली, पाठोपाठ आफ्रिकेतले कितीतरी देश जोडले गेले. मात्र १९७३ च्या योम किप्पुर युद्धानंतर त्यातल्या बहुतेकांनी संबंध तोडून टाकले. भारताने आधीच जोडले नव्हते, त्यामुळे तोडायचे राहिले. मला कधी कधी वाटतं, अर्धं नातं होतं म्हणूनच टिकलं.

बांडुंगची परिषद मात्र लागली. १९५५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात आशिया-आफ्रिकेतले २९ देश जमले. गोऱ्यांच्या राज्यातून सुटलेल्यांचा तो पहिला मोठा मेळावा. इस्राएलला बोलावणं नव्हतं. नेहरू आणि ऊ नू यांना आमंत्रण द्यावंसं वाटत होतं, पण इस्राएल आला तर आम्ही येणार नाही, असं अरब देशांनी बजावलं. आपणही इंग्रजांशी लढून सुटलेलो, आपणही आशियातले, तरी पंगतीत पान नाही.

आणि पुढच्याच वर्षी इस्राएलने स्वतःच्या हाताने ती पंगत आणखी लांब केली. १९५६ मध्ये इजिप्तच्या नासर यांनी सुएझ कालवा ताब्यात घेतला. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी इस्राएलशी गुपचूप संधान बांधलं, आणि २९ ऑक्टोबरला इस्राएलचं सैन्य सिनाईत उतरलं. इस्राएलची कारणं होती. सीमेवरून फेदायीन येऊन माणसं मारत होते आणि तिरानची सामुद्रधुनी बंद होती. पण दिल्लीतून काय दिसलं? नुकतंच ज्यांना घालवलं ते दोन जुने मालक परत आले आहेत, आणि त्यांच्याबरोबर इस्राएल आहे. नासर तर नेहरूंचे मित्र. त्याच दिवसांत मोशे शारेत भारतात होते, ३० ऑक्टोबरला ते नेहरूंना भेटले. काही महिन्यांपूर्वीपर्यंत ते परराष्ट्रमंत्री होते, आणि या मोहिमेचा त्यांना पत्ताच नव्हता. त्या माणसाची त्या दिवशी काय अवस्था झाली असेल! शारेत यांना आशियात इस्राएलसाठी मित्र जोडायचे होते. त्यानंतर नेहरूंनी वकिलातीचा विषय बाजूलाच ठेवला.

पण दाराच्या मागे वेगळंच चाललं होतं. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा नेहरूंनी बेन गुरिओन यांच्याकडे शस्त्रं मागितली, आणि ती मिळाली. जहाजावर इस्राएलचा झेंडा नको अशी अट भारताने घातली होती, आणि बेन गुरिओन यांनी झेंडा नाही तर शस्त्रं नाहीत असं उत्तर दिलं, अशी कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाआधी इंदिरा गांधींच्या सरकारला गोल्डा मेयर यांनी तोफगोळे आणि मोर्टार पाठवले. बदल्यात वकिलातीची अपेक्षा होती, ती पुरी झाली नाही. उलट १९६९ मध्ये मोरोक्कोत रबातला इस्लामी देशांची परिषद भरली. भारताला आधी बोलावलं, आणि पाकिस्तानने हट्ट धरल्यावर भारताच्या प्रतिनिधींना बाहेर बसवलं. वीस वर्षं अरबांची बाजू घेऊन हा मान मिळाला. भारतातल्या विरोधी पक्षांनी तेव्हा सरकारची चांगलीच खिल्ली उडवली.

मी नातीला आणखी एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. युनोत इस्राएलच्या विरुद्ध बोलणारं सरकार आपल्या यहुद्यांवर अविश्वास दाखवत नव्हतं. १९६५ च्या युद्धात भारतीय नौदलाच्या ताफ्याचे प्रमुख होते रिअर अ‍ॅडमिरल बेंजामिन सॅमसन, आपलेच बेने इस्राएल. १९७१ मध्ये ढाक्याला पाकिस्तानी सेनापतीकडून शरणागतीचा कागद पदरात पाडून घेणारे मेजर जनरल जेकब कलकत्त्याचे बगदादी यहुदी. बगदाद, कैरो, दमास्कस इथल्या यहुद्यांचं त्याच काळात काय झालं ते इथे आपल्या शेजारी राहणाऱ्यांना विचारा. कोणाचं घर गेलं, कोणाचं दुकान गेलं, कोणी एका पेटीनिशी निघालं. आपल्याला आलिया करायची होती तेव्हा भारताने अडवलं नाही. आणि १९५१-५२ मध्ये आपल्यातल्या काहींना इथे जमेना, त्यांनी तेल अवीवला सोखनूतच्या कचेरीपुढे गांधीजींच्या पद्धतीने धरणं धरलं, काहींना परत पाठवण्यात आलं, तेव्हा भारताने दार बंद केलं नाही. त्यातले पुष्कळ जण पुन्हा इकडे आले ते वेगळं.

आता जे मला समजावता येत नाही त्याकडे येतो. १० नोव्हेंबर १९७५. झायोनिझम म्हणजे वंशद्वेष, असा ठराव युनोत आला. बाजूने ७२, विरुद्ध ३५, तटस्थ ३२. भारताने बाजूने मत दिलं. आपले प्रतिनिधी खायिम हेर्झोग यांनी व्यासपीठावरच तो कागद फाडला, ते चित्र आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. १९४७ चं मत मी समजू शकतो. त्यामागे स्वतःची जखम होती. १९५६ चा राग समजू शकतो. १९६७ मध्ये गाझात युनोच्या कामावर असलेले भारतीय जवान इस्राएलच्या गोळीबारात मेले, त्याचं दुःखही समजू शकतो. पॅलेस्टिनी लोकांना त्यांचं राज्य मिळावं या मागणीला कोणी पाठिंबा दिला, तर तो आपला शत्रू होत नाही. पण आपला परत येण्याचा विचारच वंशद्वेष ठरवायचा? ज्या देशात आपण "पुढच्या वर्षी यरुशलेम" म्हणत पेसाह केला, आणि कोणी त्याला हरकत घेतली नाही, त्या देशाने? तेव्हा भारतात आणीबाणी होती, कोणाला काही बोलायची सोय नव्हती. तेलाचे भाव चौपट झाले होते, आखातात लाखो भारतीय नोकरीला जाऊ लागले होते, त्यात आपल्या कोकणातलेही पुष्कळ. रशियाची दोस्ती होती. ही सगळी कारणं मला माहीत आहेत. तरी ते मत चुकीचं होतं, आणि नातीलाही मी तसंच सांगितलं.

१९७७ मध्ये जनता पक्षाचं राज्य आलं तेव्हा आशा वाटली. मोशे दायान वेश बदलून गुपचूप भारतात जाऊन मोरारजीभाईंना भेटले आणि रिकाम्या हाताने परत आले. १९८२ मध्ये तर मुंबईतल्या इस्राएली कॉन्सुलने वर्तमानपत्राला मुलाखत देऊन भारताच्या धोरणावर टीका केली, आणि सरकारने त्याला देश सोडायला सांगितलं. त्या कॉन्सुलेटचा कारभार तसाही फक्त महाराष्ट्रापुरता होता. दिल्लीतल्या माणसाशी बोलायचं तर पंचाईत. केरळ त्यात जोडलं गेलं ते १९८९ मध्ये.

आणि इथे इस्राएलमध्ये भारताचं काहीच नव्हतं. ना वकिलात, ना कॉन्सुलेट, ना एखादी खिडकी जिथे जाऊन अर्ज द्यावा. हे तरुणांना खरं वाटत नाही. १९८३ मध्ये माझी आई ठाण्याला अंथरुणाला खिळली. भावाची तार आली. मी इस्राएलचा नागरिक, व्हिसा हवा. अर्ज टपालाने परदेशातल्या कचेरीत पाठवला. एक कागद कमी म्हणून परत आला, पुन्हा पाठवला. व्हिसा हातात आला तेव्हा आईची महिन्याची हश्काबाही होऊन गेली होती. कोणा एका माणसाला दोष देत नाही. ज्याने कागद परत पाठवला तो नियमाने वागला. पण दोन देशांमध्ये वकिलात नसणे याचा अर्थ मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. वाचकांपैकी किती जणांच्या घरात अशी गोष्ट असेल!

मग बर्फ वितळायला लागलं ते हळूहळू. १९८७ मध्ये राजीव गांधींच्या सरकारने इस्राएलच्या टेनिस संघाला डेव्हिस कपसाठी दिल्लीत खेळू दिलं. भारत जिंकला. आमच्या वसाहतीत कोणाच्या बाजूने ओरडायचं यावरून दोन तट पडले, आणि सगळ्यात मोठ्याने ओरडणारे म्हातारे भारताच्या बाजूने होते.

खरी उलथापालथ १९९१ ची. सोव्हिएत संघ मोडला. आखाती युद्धाने अरब देशांतच फूट पडली. भारताची तिजोरी इतकी रिकामी झाली की सोनं गहाण टाकावं लागलं, आणि सगळी आर्थिक नीतीच बदलावी लागली. ऑक्टोबरमध्ये माद्रिदला स्वतः अरब आणि पॅलेस्टिनी इस्राएलशी एका टेबलावर बसले. आता ते बसतात तर भारताने का लांब राहायचं? १६ डिसेंबर १९९१ ला युनोने १९७५ चा तो ठराव रद्द केला, आणि या वेळी भारताने रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं. जानेवारीत यासेर अराफात दिल्लीला येऊन गेले, त्यांनी आडकाठी केली नाही. २४ जानेवारीला चीनने इस्राएलशी संबंध जोडले. पाच दिवसांनी, २९ जानेवारी १९९२ ला, नरसिंह राव सरकारने पूर्ण राजनैतिक संबंधांची घोषणा केली. त्याच वर्षी दिल्लीत आणि तेल अवीवमध्ये वकिलाती उघडल्या.

जाता जाता सांगतो, हे नरसिंह राव आंध्रचे असले तरी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. उत्तम मराठी बोलत, आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. म्हणजे बेचाळीस वर्षांनी ज्याने मुहूर्त काढला त्याला आपली भाषा येत होती. याचा त्या निर्णयाशी काही संबंध नाही, पण मला बरं वाटतं.

ती बातमी मी रेडिओवर ऐकली. बायको स्वयंपाकघरात होती. तिला सांगितलं तर म्हणाली, आता काय उपयोग, जायचं होतं तेव्हा जाता आलं नाही. मग थोड्या वेळाने तिनेच विचारलं, तिकीट केवढ्याला पडतं?

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जुलै २०१७ मध्ये भारताचे पंतप्रधान मोदी इथे आले, असे येणारे ते पहिलेच. तेल अवीवच्या सभेत आपल्यातले हजारो लोक गेले होते. ज्यांनी इथे सक्तीची लष्करी नोकरी केली त्यांनाही ओसीआय कार्ड मिळेल, हे त्यांनी तिथेच सांगितलं. मार्च २०१८ मध्ये एअर इंडियाचं विमान दिल्लीहून सौदी अरेबियावरून थेट तेल अवीवला उतरलं. त्याच सौदीवरून, ज्याच्यासाठी इतकी वर्षं दबकून राहिलो.

नातीला हे सगळं दोन शब्बाथच्या दुपारी सांगितलं. तिने १९४७ ची यादी वहीत चिकटवली आणि खाली हिब्रूत लिहिलं की भारत विरुद्ध होता, आणि त्यापुढे कारणं लिहिली. १९७५ पुढे तिने नुसतं "सबाला अजून राग आहे" एवढंच लिहिलं. मी ते खोडायला सांगितलं नाही.

तिच्या वहीत अजून दोन पानं कोरी आहेत. तिला मुंबईच्या त्या जुन्या कॉन्सुलेटमध्ये आलियाचे कागद करायला जे गेले होते त्यांच्या आठवणी हव्या आहेत, तिथे कोण भेटायचं, किती वेळ बसावं लागायचं, कोणते कागद मागायचे. तसंच १९९२ च्या आधी इथून भारतात जायला ज्यांना व्हिसासाठी खेपा घालाव्या लागल्या त्यांच्याही. कोणाकडे जुनं पाकीट, शिक्का मारलेला पासपोर्ट किंवा परत आलेला अर्ज असेल तर या संकेतस्थळामार्फत जरूर कळवावं. मूळ कागद पाठवू नयेत, फोटो पुरे.